मधुमेह : ताटातील भाकरी आणि पायांचे चालणे

मधुमेह हा शहरातील, खुर्चीत बसणाऱ्या खात्यापित्या माणसांचा रोग, असा आपल्याकडे समज आहे. माझाही तोच होता. दिवाळी झाली की आपल्या पाथर्डी तालुक्यातून ऊसतोडीचे कोयते बाहेर पडतात. त्यातला एक कोयता माझ्या आईवडिलांचा होता. वडील अंगाने काटकुळे. साठीत त्यांच्या पायाला जखम झाली, ती काही केल्या भरेना. तपासणी केली तेव्हा रक्तात साखर भरमसाठ निघाली. शेवटी पाय काढावा लागला आणि दोन वर्षांत ते गेले. आयुष्यभर इतरांच्या साखरेसाठी राबलेल्या माणसाला साखरेनेच नेले.

पुढे त्रेचाळिसाव्या वर्षी माझ्याही रक्तात साखर निघाली. मी डॉक्टर नाही, बँकेतील साधा कारकून आहे. परंतु डॉक्टरांकडून समजून घेतले, वाचले आणि स्वतः आचरणात आणले, ते आपल्या सभासद बंधुभगिनींपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवतो.

आपण खाल्लेल्या अन्नाची साखर होऊन ती रक्तात येते. स्वादुपिंडातून निघणारे इन्सुलिन तिला पेशींत पोहोचवते. इन्सुलिन कमी पडले किंवा शरीर त्याला दाद देईनासे झाले की साखर रक्तातच साचते व डोळे, मूत्रपिंड, हृदय आणि पायांच्या नसा पोखरते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे.

मग काटकुळ्या माणसाला हा रोग का होतो? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत गरोदर माता व त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तेथील बाळे सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर, इंग्लंडमधील बाळांपेक्षा बरीच हलकी. पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी जास्त आढळली. म्हणजे बाहेरून बारीक, आतून चरबीदार. आईच्या पोटातच हा पाया घातला जातो. म्हणून ‘मी तर बारीक आहे’ या भ्रमात कोणी राहू नये. पोटाचा घेर पाहावा आणि तिशीनंतर तपासणी करावी. उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक, अथवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी ६.५ टक्के किंवा अधिक आली, तर मधुमेह समजतात. बँकेच्या भाषेत सांगायचे तर उपाशीपोटीची साखर म्हणजे आजची शिल्लक आणि एचबीए१सी म्हणजे तिमाहीची सरासरी शिल्लक. तपासणीच्या आदल्या दिवशी उपाशी राहून ही सरासरी फसवता येत नाही.

आता आहार. मी प्रथम चहाचा हिशोब मांडला. दिवसाला आठ कप, कपाला दोन चमचे, चमच्यात पाच ग्रॅम साखर. दिवसाचे ८० ग्रॅम, महिन्याचे जवळजवळ अडीच किलो! आता दोन कप घेतो, तेही बिनसाखरेचे. साखरेऐवजी गूळ चालतो हा गैरसमज आहे. रक्ताच्या दृष्टीने दोन्ही सारखेच.

बाकी औषध आपल्याच शिवारात आहे. बाजरी-ज्वारीची भाकरी, हुलगा, मटकी, हरभरा, मेथी, तांदुळजा, शेवगा, जवस-कारळ्याची चटणी. यातील चोथ्यामुळे साखर रक्तात सावकाश उतरते आणि पोट भरलेले राहते. मात्र भाकरीतही पिष्ट आहेच. तीन भाकरी आणि वाटीभर पातळ कालवण, हे जेवण दिवसभर ऊस तोडणाऱ्याचे. बसून काम करणाऱ्याने ताटाचा अर्धा भाग भाज्या व कोशिंबीर, पाव भाग डाळ-उसळ आणि उरलेल्या पाव भागात भाकरी ठेवावी. भात, बटाटा, साबुदाणा यांना हात आखडता घ्यावा.

मितभोजनाचा हा धडा आपल्याला नवा नाही. कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर भात खाऊन धापा टाकत भगवान बुद्धांकडे आला, अशी कथा संयुत्त निकायात आहे. भगवंतांनी त्याला मात्रा ओळखून जेवण्याचा उपदेश केला. जेवताना तो उपदेश आठवून देण्याचे काम राजाने एका तरुणावर सोपवले आणि हळूहळू आहार नाळीभर भातावर आणला. आपल्या घरात हे काम मुलांनी करावे.

दुसरे औषध चालणे. काम करणारा स्नायू इन्सुलिन कमी असतानाही रक्तातील साखर ओढून घेतो. आठवड्याला निदान १५० मिनिटे झपझप चालावे, जेवणानंतर पंधरा मिनिटे फेरी मारावी, आठवड्यातून दोनदा उठाबशांसारखा व्यायाम करावा. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांमध्ये केवळ आहार व व्यायाम सुधारल्याने रोग जडण्याचे प्रमाण तीन वर्षांत सुमारे २८ टक्क्यांनी घटले.

काही सावधगिरीच्या गोष्टी. आहार सुधारला म्हणून गोळ्या किंवा इन्सुलिन मनाने बंद करू नये. डॉक्टरच मात्रा कमी करतील. कारल्याचा रस हा गोळीला पर्याय नव्हे. गोळ्या-इन्सुलिन घेणाऱ्याने चालताना खिशात साखर ठेवावी. घाम, थरथर, चक्कर आल्यास ती लगेच खावी. वनस्पतींतून ब-१२ जीवनसत्त्व मिळत नाही आणि मेटफॉर्मिनच्या गोळीनेही ते घटते. तेव्हा ते तपासून घ्यावे. आणि पाय! अनवाणी चालू नये, रोज रात्री तळवे पाहावेत. माझ्या वडिलांचे तळवे आम्ही कोणी कधी पाहिले नाहीत.

शेवटी एक सांगतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही मधुमेह होता. पायांच्या दुखण्याने ते हैराण असत. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह डॉ. शारदा कबीर, म्हणजे आपल्या माईसाहेब, यांच्याशी झाला आणि त्यांनी औषधपाणी व पथ्य सांभाळले. त्या आजारपणातच बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ लिहिला. ६ डिसेंबर १९५६ रोजी, वयाच्या अवघ्या ६५ व्या वर्षी ते गेले. तेव्हा घरी साखर तपासण्याचे यंत्र नव्हते. मेटफॉर्मिन फ्रान्समध्ये वापरात आले तेच मुळी १९५७ साली. आज सरकारी दवाखान्यातही तपासणी होते आणि गोळ्या मिळतात. जे बाबासाहेबांना लाभले नाही, ते आपल्या दाराशी आहे. बोटातून एक थेंब रक्त देण्याचा आळस मात्र आपण सोडला पाहिजे. पुढच्या पौर्णिमेला विहारात याल, तेव्हा घरातील एका वडीलधाऱ्याची तपासणी करून या आणि शक्य असेल तर पायी या.