पुस्तक वाचले कोणी?

मागच्या रमजानच्या आधीची गोष्ट. लातूरच्या माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मराठी कथासंग्रहातल्या पानाचा फोटो आला. चार ओळींखाली लाल रेघ आणि मजकूर : आपल्या बायका-मुलींची बदनामी, पुढे पाठवा. मी रागाच्या भरात तो इथल्या, नांदेडच्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. रात्री जेवताना मुलीने विचारले, "अम्मी, तुम वो किताब पढे क्या?" नव्हती वाचली. संदेश काढायला गेले, तोवर तो कुठल्या कुठे पोहोचला होता. दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेच्या ग्रंथालयातून ते पुस्तक काढलेले होते.

तेव्हापासून २०२२ सालचे एक प्रकरण मला वेगळेच दिसू लागले. कोबाड गांधी माओवादी असल्याच्या आरोपावरून अनेक वर्षे तुरुंगात होते. त्यांच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम' या आठवणींच्या अनघा लेले यांनी केलेल्या अनुवादाला ६ डिसेंबरला राज्य शासनाचा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पुरस्कार जाहीर झाला. रक्कम एक लाख रुपये. लगेच समाजमाध्यमांवर टीकेची झोड उठली आणि १२ डिसेंबरला शासन निर्णय निघाला : पुरस्कार रद्द, निवड समितीही बरखास्त. कारण काय, तर 'प्रशासकीय'. तज्ज्ञांनी वाचून दिलेला निकाल सहा दिवसही टिकला नाही. पुस्तकावर बंदी नव्हती, ते दुकानात मिळत होते. आणि शिक्षा झाली ती अनुवाद करणाऱ्या बाईंना! प्रज्ञा दया पवार आणि नीरजा यांनी राज्याच्या साहित्य-संस्कृती मंडळाचा राजीनामा दिला. 'भुरा'चे लेखक शरद बाविस्कर आणि आनंद करंदीकर यांनी आपापले पुरस्कार नाकारले. शासन मात्र हलले नाही.

पण आरडाओरडा झाला की माघार घ्यावीच लागते, असे नाही. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनात उधळून लावण्याच्या धमकीनंतर नयनतारा सहगल यांना दिलेले उद्घाटनाचे निमंत्रण मागे घेतले गेले. पुढच्याच वर्षी संमेलन आपल्या शेजारी, तेव्हाच्या उस्मानाबादला होते. अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 'सुबोध बायबल' लिहिणारे, 'सुवार्ता' हे ख्रिस्ती घरांत वाचले जाणारे मराठी मासिक वर्षानुवर्षे चालवणारे. (आपल्या या अंकासारखेच की ते!) धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून निवड जाहीर होताच विरोध सुरू झाला, धमक्यांचे फोन आले. उद्घाटक ना. धों. महानोर यांनाही जाऊ नका म्हणून सांगण्यात आले. महानोर गेले. महामंडळ आणि आयोजक मागे हटले नाहीत. पाठदुखीने बेजार झालेले फादर चाकाच्या खुर्चीतून आले, आणि १० ते १२ जानेवारी २०२० ला संमेलन पार पडले.

तेव्हा फादरांच्या बाजूने मी स्टाफरूममध्ये तावातावाने बोलले होते. लाल रेघेचा फोटो पुढे पाठवणारी तीच मी.

शेवटी तो कथासंग्रह मागवून वाचला. त्या चार ओळी कथेतल्या दिराच्या तोंडी आहेत. तलाक होऊन माहेरी परतलेल्या, शिलाई मशीनवर दोन मुली वाढवणाऱ्या बाईला तो त्या ऐकवतो आणि लेखक उभा आहे त्या बाईच्या बाजूने. फोटो काढणाऱ्याने पान तिथेच कापले होते. संग्रहातली दुसरी एक कथा मात्र मला पटली नाही. आपल्या मोहल्ल्याची लेखकाला ऐकीव माहिती आहे, असे वाटले. तसे त्यांना पत्राने कळवले.

मग ग्रंथालय सांभाळणाऱ्या सरांकडे गेले. म्हटले, ते पुस्तक परत कपाटात ठेवा.

"मॅडम, तुम्हीच तर पाठवलं होतं ना? आता कशाला पुन्हा वाद?"

माझी प्रत मी त्यांच्या टेबलावर ठेवून आले आहे. महिना झाला, नोंद अजून झालेली नाही.