उइगुरांचा छळ सीमेपाशी थांबत नाही

चीनच्या शिनजियांगमधील उइगुर म्हणजे तुर्किक गटातील भाषा बोलणारे मुस्लिम. 'तो त्यांचा प्रश्न, आपला काय संबंध?' असे आपल्या काही तरुणांकडून ऐकायला मिळते, म्हणून हे लिहीत आहोत. याच उइगुरांचे पूर्वज तुर्फान परिसरात कित्येक शतके बौद्ध होते. बेझेक्लिक लेण्यांतील चित्रे आणि उइगुर भाषेतील बौद्ध ग्रंथ त्याची साक्ष देतात. अर्थात हे नाते नसते तरी अन्याय तो अन्यायच.

२०१६ मध्ये तिबेटचे पक्षप्रमुख चेन छुआनगुओ यांची शिनजियांगला बदली झाली. तिबेटींवर वापरलेली चौक्यांची आणि पाळतीची पद्धत त्यांनी तिथे आणखी कडक केली. २०१७ पासून दहा लाखांहून अधिक लोक छावण्यांत डांबले गेल्याचा अंदाज आहे. चीन त्यांना 'प्रशिक्षण केंद्रे' म्हणतो. पण लोकसंस्कृतीच्या अभ्यासक राहिले दावुत यांना जन्मठेप देऊन कोणते प्रशिक्षण मिळते? अर्थतज्ज्ञ इल्हाम तोहती तर २०१४ पासूनच जन्मठेप भोगत आहेत. हे गुन्हे मानवतेविरुद्धचे ठरू शकतात, असे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये म्हटले.

मग देश सोडून सुटका होते का? तशीही होत नाही. परदेशातल्या मुलाशी फोनवर बोलणे हेच घरच्यांवर संशय घ्यायला पुरते, त्यामुळे आईवडीलच संपर्क तोडतात. पासपोर्टची मुदत संपली की चिनी दूतावास नवा देत नाही, 'परत या' म्हणतो. कागद नाही म्हणजे नोकरी नाही, प्रवास नाही.

बौद्धबहुल थायलंडने काय केले, ते आपण तरी विसरू नये. २०१४ च्या सुमारास तिथे पकडलेल्यांपैकी शंभरावर उइगुर २०१५ मध्ये चीनच्या हवाली झाले. मागे राहिलेल्यांपैकी काही कोठडीतच वारले. दहा वर्षांहून अधिक काळ डांबलेल्या आणखी ४० जणांना फेब्रुवारी २०२५ मध्ये परत पाठवले गेले.

आणि भारत? उइगुर नेते डोलकुन इसा धर्मशाळेतील परिषदेला येणार होते. चीनच्या आक्षेपानंतर, एप्रिल २०१६ मध्ये, त्यांचा व्हिसा रद्द झाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये मानवाधिकार परिषदेत शिनजियांगवर नुसती चर्चा घ्यावी का, यावर मतदान झाले. बाजूने १७, विरोधात १९. तटस्थ ११ देशांत भारत होता.