लिफ्ट धरत नाही

निफाड तालुक्यातल्या आमच्या द्राक्षबागेत एक छोटा ट्रॅक्टर आहे. 18 अश्वशक्तीचा, बावीस वर्षांचा, रंग उडालेला. दोन ओळींमधली नऊ फुटांची जागा, डोक्यावर तारा आणि ओलांडे, अशा बोळातून मोठा ट्रॅक्टर गेला तर काड्या मोडतो. हा मात्र वाकून चालणाऱ्या माणसासारखा मांडवाखालून निघून जातो. रोटर, ब्लोअर, खताची ट्रॉली, सगळं त्याच्याच मागे. बाग त्याच्या भरवशावर उभी आहे, असं मी म्हणतो तेव्हा त्यात जराही वाढवून सांगत नाही.

गेल्या वर्षी ऑक्टोबर छाटणीनंतर पंधरवड्याने एका सकाळी रोटर जमिनीवर बसलेला दिसला. आदल्या संध्याकाळी तो वर उचललेला होता. खरं तर रात्री औजार खाली टेकवूनच ठेवायचं असतं. पोरं, कुत्री, कोणीही खाली जाऊ शकतं. त्या दिवशी घाईत राहून गेलं आणि म्हणूनच दुखणं कळलं. आमच्याकडे याला म्हणतात, लिफ्ट धरत नाही. त्याशिवाय ट्रॅक्टरखाली तेलाचा डाग होताच. तो दोन हंगाम होता. नाना, म्हणजे माझे वडील, दर थोड्या दिवसांनी तेलाची पातळी बघायचे, कमी पडेल तेवढं वरून ओतायचे आणि कामाला लागायचे. डाग गिअरबॉक्सच्या ड्रेन प्लगखाली पडायचा, म्हणून आम्ही तो प्लग तीनदा आवळला. तिसऱ्यांदा मी एवढा जोर लावला की आटे गेले असते.

एकदा मी थेंब मोजले. पाच सेकंदांना एक. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर आठ तासांच्या कामात 288 मिलिलिटर आणि वीस दिवसांत पावणेसहा लिटर. एवढं तेल आमच्याच मातीत, आमच्याच वेलींच्या मुळांशी जात होतं. हा हिशोब मी आधीच मांडायला हवा होता.

गावातले मिस्त्री आले. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. म्हणाले, "नाना, आधी गाडी धुऊन घ्या. चिखलात मला काय दिसणार?" आम्ही डिझेल आणि ब्रश घेऊन गाडीचं पोट घासलं. बावीस वर्षांचा थर होता: माती, ग्रीस, त्यावर बोर्डो मिश्रणाची निळसर खपली. पाण्याचा जोराचा फवारा मारायला त्यांनी मनाई केली, कारण गिअर लिव्हरच्या रबरी बुटातून आणि तेल भरायच्या झाकणातून पाणी आत जातं आणि मग तेल ताकासारखं पांढरं होतं. घासून पुसून कोरडं झाल्यावर त्यांनी घरातून पावडरचा डबा मागवला. तोंडाला लावायची साधी पावडर. ती सगळ्या सांध्यांवर भुरभुरली, इंजिन चालू केलं, लिफ्ट दहा-बारा वेळा वरखाली केली आणि मग आम्ही सगळे बॅटरी घेऊन बघत बसलो.

पांढऱ्या पावडरीवर ओल उमटली ती ड्रेन प्लगपासून दोन हात पुढे. पंपाकडून लिफ्टकडे येणाऱ्या लोखंडी पाइपच्या सांध्यावर. तिथून तेल पाइपच्या पोटाने मागे यायचं, गिअरबॉक्सच्या कडेने उतरायचं आणि सगळ्यात खालचा बिंदू गाठून प्लगवरून टपकायचं. दोन वर्षं आम्ही भलत्याच जागी जोर लावत होतो. दुसरी ओल डाव्या बाजूला, लिफ्टचे हात ज्या आडव्या शाफ्टवर बसतात त्याच्या टोकाला होती. या दोन्ही गळत्यांचा रोटर खाली बसण्याशी मात्र काहीच संबंध नव्हता. ते कारण तिसरं होतं आणि ते पावडरीवर दिसणारं नव्हतं.

इथे लिफ्टच्या पोटात काय असतं हे सांगितलं पाहिजे, कारण बहुतेक ट्रॅक्टरमालक आयुष्यभर तिचा दांडा ओढतात आणि आत कधी बघत नाहीत. छोट्या ट्रॅक्टरमध्ये बहुधा गिअरबॉक्सचं तेलच हायड्रॉलिकचं तेल असतं. इंजिनावर फिरणारा गिअर पंप ते जाळीतून ओढतो आणि पाइपाने सीटखालच्या लिफ्ट कव्हरकडे ढकलतो. तिथे कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये स्पूल नावाची एक घोटीव दांडी सरकते आणि तेलाला वाट देते किंवा अडवते. तेल सिलिंडरमध्ये शिरलं की पिस्टन सरकतो, तो आतल्या आर्मला रेटतो, शाफ्ट फिरतो, बाहेरचे दोन हात वर जातात आणि औजार उचललं जातं. तेल फक्त वर उचलतं. खाली येणं औजाराच्या वजनाने होतं. म्हणून वर धरून ठेवणं म्हणजे सिलिंडरमधलं तेल कोंडून ठेवणं. ते कुठूनही सुटलं, की औजार खाली.

दाबाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. मोटारीच्या चाकात चौरस सेंटिमीटरला दोन किलोच्या आसपास हवा असते. या पाइपांत दाब 150 किलोपर्यंत जातो. पिस्टन साडेसहा सेंटिमीटर व्यासाचा असेल, तर त्याचं क्षेत्रफळ साधारण 33 चौरस सेंटिमीटर. म्हणजे त्याच्यावर जवळजवळ पाच टनांचा रेटा. आर्म आणि हातांच्या लांबीत तो वाटला जातो आणि टोकाला काही शे किलो उरतात. हा सगळा रेटा बाहेर निसटू नये म्हणून अडवून धरतं ते करंगळीएवढ्या जाडीचंही नसलेलं एक रबरी कडं.

या कड्याच्या मागे मोठा इतिहास आहे आणि त्याची सुरुवातच गळतीने होते. द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकात सांगून ठेवलं होतं. त्यावर चालणाऱ्या दाबयंत्राचं पेटंट लंडनच्या जोसेफ ब्रामाने 1795 साली घेतलं. ब्रामा हा कुलपं बनवणारा. त्याचं कुलूप दुकानाच्या खिडकीत आव्हान म्हणून ठेवलं होतं आणि ते 1851 पर्यंत कुणाला उघडता आलं नाही. पण त्याच्या दाबयंत्राच्या पिस्टनभोवतून पाणी निसटत राहायचं. चोंदण घट्ट आवळलं तर पिस्टन हलत नसे, सैल ठेवलं तर पाणी गळे. त्याच्याच कारखान्यातल्या हेन्री मॉडस्ले या तरुण कारागिराला या कोड्याच्या उत्तराचं श्रेय दिलं जातं. त्याने चामड्याची वाटीसारखी वळवलेली कडी बसवली. वाटीचं तोंड दाबाकडे. दाब वाढला की वाटीचे ओठ भिंतीला आपोआप चिकटतात; दाब गेला की सैल होतात. ज्या पाण्याला अडवायचं त्याच्याच जोराने त्याची वाट बंद करायची, ही कल्पना मला आजही थक्क करते. माणूस कुठल्याही यंत्रावर एवढ्या बारकाईने विचार करतो तेव्हा त्याला नमस्कार करावासा वाटतो.

आजची ओ-रिंग त्याच घराण्यातली. नील्स क्रिस्टेन्सन हा डेन्मार्कमध्ये जन्मून अमेरिकेत गेलेला यंत्रकार. त्याला तिचं अमेरिकन पेटंट 1939 साली मिळालं, तेव्हा त्याने सत्तरी ओलांडली होती. खाचेत बसलेलं गोल रबर, तेलाच्या दाबाने खाचेच्या एका बाजूला सरकतं, थोडं चपटं होतं आणि फट बुजवतं.

आणि ज्या तीन दांड्यांवर आमचा रोटर टांगलेला असतो, ती जोडणी आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनची. त्याच्या आधी नांगर साखळीने मागे ओढला जायचा. फाळ दगडाला अडला की ट्रॅक्टरचं तोंड वर उठायचं आणि तो चालकावर उलटायचा. फर्ग्युसनने नांगर तीन जागी ट्रॅक्टरला बांधला आणि हायड्रॉलिकवर टांगला. वरची दांडी, आपण जिला टॉपलिंक म्हणतो, ती ओढीच्या वेळी ट्रॅक्टरला पुढे रेटते आणि पुढची चाकं जमिनीला धरून राहतात. त्यामुळे हलका ट्रॅक्टर जड काम करू लागला. त्याचा छोटा करडा टीई-20 कॉव्हेंट्रीत 1946 ते 1956 या काळात पाच लाखांवर बनला. एडमंड हिलरी 4 जानेवारी 1958 रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले ते याच ट्रॅक्टरांवरून. आज लोणीपासून तासगावपर्यंत कुठल्याही शेतात उभा असलेला ट्रॅक्टर मागून बघा, फर्ग्युसनचे तीन बिंदू दिसतील.

तर आमची तिसरी गळती. मिस्त्रींनी रोटर वर उचलायला लावला आणि इंजिन बंद केलं. रोटर हळूहळू उतरू लागला, साधारण चार मिनिटांत टेकला. मग सीटच्या पुढचा गोल खटका दाखवला. औजार किती वेगाने खाली यावं हे तो ठरवतो, एवढंच आम्हाला माहीत होतं. तो पूर्ण बंद केला की सिलिंडरमधल्या तेलाची परतीची वाटच बंद होते. त्यांनी पुन्हा रोटर उचलला आणि खटका बंद केला. रोटर आता जागच्या जागी राहिला असता, तर दोष अलीकडे, कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये. पण तो पूर्वीच्याच चालीने उतरला. म्हणजे तेल खटक्याच्या पलीकडे, पिस्टनच्या कडेनेच निसटत होतं आणि परत गिअरबॉक्समध्ये पडत होतं. बाहेर थेंब नाही, पातळी कमी नाही. एकही नट न उघडता, निव्वळ घड्याळाकडे बघून, त्यांनी दुखणं नेमकं कुठे आहे ते सांगितलं. मी कितीतरी डॉक्टर पाहिलेत. इतकी स्वच्छ तपासणी क्वचित पाहिली.

आणखी एक न दिसणारी गळती असते, ती पंपाच्या ओढीच्या बाजूची. तिथे तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. पंप किरकिरतो, लिफ्ट धक्के देत उठते, तेलाला फेस येतो. आणि पंप इंजिनाच्या गिअरपेटीवर बसलेला असेल आणि त्याच्या शाफ्टचा सील गेला, तर हायड्रॉलिकचं तेल इंजिनात शिरतं. मोजपट्टीवर इंजिन ऑइल वाढलेलं दिसलं तर आनंद मानू नये.

पाइपाचा सांधा तपासताना मी हात पुढे केला तेव्हा मिस्त्रींनी तो झटकन मागे ओढला. हे मला प्रत्येक वाचकाला सांगायचं आहे. एवढ्या दाबाखाली सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघणारी धार डोळ्यांना दिसत नाही, पण ती कातडी भेदून तेल मांसात घुसवते. बाहेर फक्त टाचणी टोचल्यासारखा ठिपका. दुखतही नाही फारसं, म्हणून माणूस घरी जातो. तेल आत पसरत राहतं, काही तासांत बोट सुजतं, काळं पडतं. वेळेवर शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात जाऊ शकतो. गळती शोधायची ती पुठ्ठ्याच्या तुकड्याने, हाताने कधीही नाही. सांधा सोडण्याआधी औजार खाली टेकवायचं, इंजिन बंद करायचं आणि दांडा दोन-चारदा हलवून दाब सोडून द्यायचा. आणि असा ठिपका उठलाच, तर त्याच घटकेला मोठं रुग्णालय गाठायचं आणि तिथे "दाबाचं तेल आत गेलंय" असं स्पष्ट सांगायचं.

दुसऱ्या दिवशी सीट काढली, कव्हरचे बोल्ट सोडले, चेनब्लॉकने कव्हर उचललं. पिस्टन बाहेर आला तेव्हा ओ-रिंग एका अंगाने सपाट झालेली, नखाने दाबली तर टणक. रबर तापून तापून असंच मरतं. पण खरी गोष्ट तिच्या शेजारी होती. रबराला आधार म्हणून टेफ्लॉनची एक पातळ चकती असते. ती दाबाच्या विरुद्ध बाजूला बसवायची, म्हणजे दाबाने रेटलेलं रबर फटीत चेपून कुरतडलं जात नाही. आमच्यात ती उलट्या बाजूला होती. मागे कधीतरी कुणीतरी कव्हर उघडलं होतं आणि घाईत ती तशीच बसवली होती. मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी रबराची कुरतडलेली कड नानांच्या तळहातावर ठेवली, एवढंच.

सिलिंडरच्या आत त्यांनी नख फिरवून बघितलं. नख अडकेल एवढा ओरखडा असता तर सिलिंडर बदलायची वेळ होती. आमचा वाचला. नवी रिंग तेलात बुडवून, बोटांनी, कुठेही पीळ न पडू देता बसवली. स्क्रूड्रायव्हरला हात लावला नाही. शाफ्टच्या टोकाचे सील बदलले. फवारणीच्या औषधांनी तिथे शाफ्ट गंजून खरखरीत झाला होता, तो बारीक पॉलिश पेपरने घासला. पाइपाच्या सांध्याला नवे तांब्याचे वायसर. जुने वायसर तापवून पुन्हा वापरतात, पण त्यावर आडवी चीर होती, म्हणून टाकले. जाळी काढली, तर तिच्यात लोखंडाचा चुरा आणि जुन्या गॅस्केटचे तुकडे. तेल पूर्ण बदललं. नानांनी डब्यात उरलेलं इंजिनाचं तेल त्यात घालू का विचारलं. मिस्त्रींनी पुस्तिकेतला दर्जा दाखवून नाही म्हटलं.

सगळ्या कामात सुट्या भागांचा खर्च तेलाच्या खर्चापेक्षा कमी झाला. वेळ गेला दोन दिवस आणि त्यातला अर्धा दिवस नुसता धुण्यात.

संध्याकाळी रोटर चढवला. हवा निघून जावी म्हणून लिफ्ट वीसेक वेळा वरखाली केली, पातळी पुन्हा भरली. मग रोटर पूर्ण वर घेऊन इंजिन बंद केलं आणि शेडच्या खांबावर, रोटरच्या पत्र्याच्या रेषेत, खडूने खूण केली. पोरांना तिकडे फिरकू दिलं नाही. चहा झाला, जेवण झालं. दोन तासांनी बॅटरी घेऊन गेलो. पत्रा खुणेच्या बोटभर खाली होता.

"एवढं चालतं," मिस्त्री म्हणाले. "स्पूल लोखंडावर लोखंड आहे, त्याला रबर नाही. तिथून थोडं जाणारच."

नानांनी खाली अंथरलेला पुठ्ठा ओढून काढला, उलटापालटा करून बघितला. कोरडा होता. मग सीटवर चढून त्यांनी दांडा पुढे ढकलला आणि रोटर जमिनीवर टेकवून ठेवला.