पक्ष बदलला की चिन्ह बदलते

शाळेत असताना सरळव्याजाचे सूत्र मी घोकून पाठ केले होते. मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत, भागिले शंभर. परीक्षेत हे तिन्ही आकडे दिलेले असत आणि व्याज तेवढे काढायचे असे. पुढे बी. ए. झालो, कवितेत रमलो आणि गणिताशी आपला संबंध संपला, असे समजून चाललो. तो संपलेला नाही, हे काही वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालाने मला दाखवून दिले.

खालाला शिवणयंत्र घ्यायचे होते. तिने एका खासगी सावकाराकडून दहा महिन्यांच्या मुदतीने पैसे घेतले. दर सांगितला होता शेकडा दोन, म्हणजे दरमहा शंभरामागे दोन रुपये. कागदावर १०,००० रुपये लिहिले गेले. दहा महिन्यांचे व्याज, २,००० रुपये, आधीच कापून घेतले आणि तिच्या हातावर ८,००० ठेवले. मुदत संपली की १०,००० एकरकमी फेडायचे.

"बाबा, शेकडा दोनच पडले ना रे मला?" तिने विचारले.

प्रश्न साधा होता, पण माझे पाठ केलेले सूत्र त्याला उत्तर देईना. ते व्याज सांगत होते, आणि व्याज तर आम्हाला ठाऊकच होते. आम्हाला हवा होता दर. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर वाक्याचा कर्ता बदलायचा होता.

यासाठी दुसरे सूत्र पाठ करावे लागत नाही. समीकरण म्हणजे किराणा दुकानातला तराजू. दोन्ही पारड्यांत सारखेच केले तर काटा हलत नाही. आपल्या सूत्रात एका पारड्यात व्याज आहे. दुसऱ्यात मुद्दल, दर आणि मुदत यांचा गुणाकार, भागिले शंभर. आता दोन्ही पारड्यांना शंभराने गुणा. उजवीकडचा भागाकार नाहीसा होतो. मग दोन्हींना मुद्दल आणि मुदत यांच्या गुणाकाराने भागा. उजवीकडे दर एकटा उरतो. दर म्हणजे शंभर गुणिले व्याज, भागिले मुद्दल गुणिले मुदत.

आकडे घालू. शंभर गुणिले २,००० म्हणजे दोन लाख. मुद्दल किती धरायचे? जे पैसे खालाला वापरायला मिळाले तेवढेच, म्हणजे ८,०००. दहा महिन्यांनी गुणले की ८०,०००. दोन लाखांना ८०,००० ने भागले की अडीच. शेकडा दोन नव्हे, शेकडा अडीच! वर्षाला २४ टक्के सांगून ३० टक्के घेतले होते.

शाळेत हीच क्रिया आम्हाला 'बाजू बदलली की चिन्ह बदलते' अशी शिकवली होती. बाजूला जुना शब्द आहे 'पक्ष'. भास्कराचार्यांच्या बीजगणितातही समीकरणाच्या बाजूंना पक्षच म्हटले आहे. पक्ष बदलला की चिन्ह बदलते, हे आपल्याला राजकारणातूनही चांगले ठाऊक आहे! पण गणितात कोणी उडी मारून पलीकडे जात नाही. डावीकडच्या उणे पाचात पाच मिळवले की ते शून्य होतात. न्यायाने उजवीकडेही पाच मिळवावे लागतात. आपल्याला ते पलीकडे गेल्यासारखे दिसतात, एवढेच.

इ. स. ८२० च्या सुमारास बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मीने यावर ग्रंथ लिहिला. त्याच्या नावात दोन शब्द आहेत, 'अल्-जब्र' आणि 'अल्-मुकाबला'. उर्दूत जब्र म्हणजे जुलूम; पण अरबीत मोडलेले हाड बसवणे हाही त्याचा अर्थ आहे. उणे झालेली राशी दोन्हीकडे मिळवून भरून काढणे म्हणजे जब्र. दोन्ही बाजूंच्या सारख्या राशी समोरासमोर आणून उडवणे म्हणजे मुकाबला. या 'अल्-जब्र'चेच युरोपात 'अल्जिब्रा' झाले. त्या ग्रंथात अक्षरे नाहीत, बरोबरचे चिन्हही नाही. सारे शब्दांत. ते चिन्ह इंग्लंडमध्ये रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये छापले. ग्रंथाचा मोठा भाग मृत्युपत्रे आणि वारसांच्या वाटण्या यांवर आहे. बहिणीचा वाटा किती, कर्ज फेडून उरले किती, असे घरातले प्रश्न.

आपल्याकडे भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, ११५० च्या सुमारास, उलटी रीत दिली आहे. उत्तरापासून मागे यायचे. गुणाकाराच्या जागी भागाकार, बेरजेच्या जागी वजाबाकी, वर्गाच्या जागी वर्गमूळ. क्रम मात्र चुकवायचा नाही. जेवणाचा डबा भरताना खालचे पूड आधी ठेवतो आणि कडी शेवटी लावतो. उघडताना कडी आधी काढतो. तापाचे उदाहरण घ्या. सेल्सिअसचे फॅरनहाइट करताना नवाने गुणायचे, पाचाने भागायचे आणि शेवटी ३२ मिळवायचे. उलट येताना ३२ आधी काढायचे. ९८.६ मधून ३२ गेले, ६६.६ उरले; पाचाने गुणून नवाने भागले की ३७, निरोगी माणसाचे तापमान. ३२ शेवटी वजा केले तर सुमारे २२.८ येतात. इतके थंड शरीर पाहून डॉक्टरांची धावपळ उडेल!

खालाचे पैसे ठरल्याप्रमाणे फेडले गेले. केलेला हिशेब ते परत आणू शकला नाही. पण वर्षभराने भाचीच्या लग्नासाठी पैसे घ्यायची वेळ आली, तेव्हा मी सोबत होतो. समोरच्याने दर सांगायला तोंड उघडले, तोच खाला म्हणाली, "दर राहू दे भाऊ. हातात किती पडतील आणि परत किती द्यायचे, ते सांग. दर मी काढते."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)