नवा लाकडी ओटा: आराखडा आणि अंदाजपत्रक

घराला जोडून लाकडी ओटा बांधावा असे मनात आले, की गृहस्थ पहिल्याने फळ्यांचे भाव विचारतो. वस्तुतः अंदाजपत्रकाचा आरंभ फळीपासून नव्हे, भारापासून व्हावयास हवा.

१२ फूट लांब व १० फूट रुंद ओटा म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर जागा. राहत्या घराच्या सज्ज्यासाठी भारतीय मानक दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलो भार धरावयास सांगते. तोच हिशेब येथे लावला, तर खांब व तुळया यांनी तीन टनांहून अधिक वजन पेलले पाहिजे. एरवी तेथे दोन खुर्च्याच असतील. पण हळदीकुंकवाच्या दिवशी काय होईल?

श्रोतेहो, ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेत अनेक घरांना असे ओटे व सज्जे असतात. २००३ साली शिकागोत एका तिमजली इमारतीचे माणसांनी गजबजलेले लाकडी सज्जे एकावर एक कोसळले व १३ जण प्राणास मुकले.

म्हणून खर्चाचा क्रम असा लावावा: प्रथम नगरपालिकेची परवानगी व स्थापत्यज्ञाचा सल्ला, मग पाया, खांब, तुळया आणि न गंजणारे बोल्ट, त्यानंतर कठडा, शेवटी फळ्या. लाकूड जमिनीपासून उचललेले असावे आणि फळ्यांत थोडी फट ठेवावी, म्हणजे पाणी साचत नाही व वाळवीला आयती वाट मिळत नाही. दरसाल लाकडाला तेल देण्याची तरतूद करावी आणि एकंदर रकमेचा दहावा हिस्सा अकल्पित खर्चासाठी राखावा.

पैसा अपुरा पडला, तर ओटा लहान करावा. तुळई बारीक करू नये.