सिग्नल बिघडला म्हणून रूळ उखडू नका : लॉगिन स्क्रीनविषयीचे गैरसमज

ठाकुर्लीला आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. उमेदीची वर्षं बावन चाळीतल्या क्वार्टरमध्ये गेली, आता मुलानं घेतलेल्या फ्लॅटमध्ये असतात. मुलगा बंगळुरूला, त्याचा जुना कॉम्प्युटर इथे. एके सकाळी काकांचा फोन आला.

"अरे, कॉम्प्युटर लावला की रोज नवीनच डोंगर दिसतोय. काल तर समुद्र होता. ती निळी खिडकी कुठे गेली? दुकानात विचारलं, तर तो म्हणतो, फॉर्मॅट मारावा लागेल."

फॉर्मॅट मारणे हा आपल्याकडचा रामबाण उपाय. प्रिंटर चालेना, मारा फॉर्मॅट. आवाज येईना, मारा फॉर्मॅट. पण फॉर्मॅट म्हणजे डिस्कचा तो भाग पुसून त्यावर सगळं नव्यानं बसवणं. लॉगिन स्क्रीनचा चेहरा बदलला एवढ्यासाठी हे करणं कितपत शहाणपणाचं? काकांना पडद्यामागची रचना सांगितली, तेव्हा त्यांनीच एका वाक्यात निकाल दिला : "म्हणजे सिग्नल बिघडला म्हणून रूळ उखडायचे नाहीत."

लॉगिन स्क्रीनबद्दलचे नेहमीचे गैरसमज त्या वाक्याच्या उजेडात पाहू.

गैरसमज १ : लॉगिन स्क्रीन बदलली, म्हणजे आतलं सगळं बिघडलं.

वस्तुस्थिती : लॉगिन स्क्रीन हा स्वतंत्र प्रोग्राम असतो. विंडोजमध्ये त्याचं नाव लॉगॉन-यूआय. लिनक्समध्ये हे काम 'डिस्प्ले मॅनेजर' करतो. नाव विचारायचं, पासवर्ड तपासायला पुढे पाठवायचा आणि होकार आला की तुमचा डेस्कटॉप सुरू करायचा, एवढीच त्याची कामगिरी. तुमचे फोटो, पेन्शनची कागदपत्रं, टॅलीचा डेटा यांच्याशी त्याचा संबंध नाही. त्याचं चित्र, रंग किंवा मांडणी बदलली तरी त्या फायलींना धक्का लागत नाही. म्हणूनच मूळ रूप परत आणायला त्यांना हात लावावा लागत नाही.

गैरसमज २ : रोज वेगळं चित्र दिसतंय, म्हणजे कुणीतरी कॉम्प्युटरमध्ये शिरलंय.

वस्तुस्थिती : शिरलंय ते 'विंडोज स्पॉटलाइट'. ही मायक्रोसॉफ्टचीच सोय आहे. ती इंटरनेटवरून चित्रं आणते आणि लॉक स्क्रीनवर लावते. गंमत अशी की विंडोज १० आणि ११ मध्ये बऱ्याच कॉम्प्युटरांवर हीच मूळ निवड असते. काकांना जो डोंगर उपरा वाटत होता, तोच खरा घरचा. त्यांची लाडकी निळी खिडकी मुलानं कधीतरी हातानं लावलेली, आणि सुट्टीत आलेल्या नातवानं खेळता खेळता ती काढलेली.

ती परत आणायला दोन मिनिटं पुरतात. सेटिंग्ज उघडायचं, पर्सनलायझेशनमध्ये जायचं, तिथून लॉक स्क्रीनमध्ये. 'स्पॉटलाइट'च्या जागी 'पिक्चर' निवडायचं आणि ब्राउझ करून चित्र दाखवायचं. विंडोजसोबत आलेली चित्रं कुठे जात नाहीत. सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरात 'वेब' नावाचा फोल्डर असतो. त्यातल्या 'स्क्रीन'मध्ये लॉक स्क्रीनची चित्रं असतात आणि 'वॉलपेपर'मध्ये डेस्कटॉपची. निळी खिडकी या 'वॉलपेपर'मध्येच सापडते. ती कॉम्प्युटरवर रेखाटलेली असावी असं वाटतं, पण तसं नाही. २०१५ साली विंडोज १० साठी सॅन फ्रान्सिस्कोत खरीखुरी खिडकी उभारून, धूर सोडून, लेझर आणि प्रोजेक्टरचा प्रकाश टाकून तिचे फोटो काढले होते.

गैरसमज ३ : लॉक स्क्रीन आणि लॉगिन स्क्रीन एकच.

वस्तुस्थिती : घड्याळ आणि तारीख दाखवणारा पहिला पडदा म्हणजे लॉक स्क्रीन. ती विंडोज ८ बरोबर २०१२ मध्ये आली. कळ दाबली की जिथे पासवर्ड मागितला जातो, ती साइन-इन म्हणजेच लॉगिन स्क्रीन. विंडोज १० मध्ये लॉक स्क्रीनच्या त्याच पानावर तळाशी एक खटका आहे : लॉक स्क्रीनचं चित्र साइन-इन स्क्रीनवरही दाखवायचं की नाही. तो बंद असेल तर पासवर्डच्या पडद्यामागे नुसता सपाट रंग दिसतो आणि "माझं चित्र गेलं" अशी तक्रार येते. चित्र गेलेलं नसतं, खटका बंद असतो.

दुसरी तक्रार : "चित्र धूसर झालंय, ग्राफिक कार्ड गेलं वाटतं." कार्ड शाबूत आहे. २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून विंडोज १० पासवर्डच्या पडद्यामागचं चित्र मुद्दाम धूसर करतं. ते नको असेल तर पर्सनलायझेशनमध्ये 'कलर्स'खाली 'ट्रान्सपरन्सी इफेक्ट्स' बंद करायचं.

गैरसमज ४ : मूळ लॉगिन स्क्रीन परत आणायला रजिस्ट्रीत हात घालावा लागतो किंवा खास सॉफ्टवेअर उतरवावं लागतं.

वस्तुस्थिती : हा समज जुन्या काळाचा वारसा आहे. २००१ साली एमकेसीएलची स्थापना झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात विंडोज एक्सपी बाजारात आलं. पुढची कितीतरी वर्षं महाराष्ट्रातल्या एका पिढीनं एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी वर्गात कॉम्प्युटर ओळखला तो एक्सपीच्या निळ्या स्वागत-पडद्यातून. तो पडदा बदलण्याची टूम तेव्हाची. लोक लॉगॉन-यूआयची मूळ फाइलच बदलून दुसरी बसवायचे. विंडोज ७ मध्ये रजिस्ट्रीतली एक नोंद बदलली आणि २५६ केबीहून लहान चित्र ठरलेल्या फोल्डरात ठेवलं की काम व्हायचं. ते विंडोज ७ बरोबरच मागे पडलं. १० आणि ११ मध्ये त्या युक्तीचा उपयोग नाही.

कुणी तेव्हासारखी सिस्टिमची फाइलच बदलली असेल, तर त्यावरचा इलाजही विंडोजमध्येच आहे. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा आणि 'एसएफसी स्कॅननाऊ' ही आज्ञा चालवायची. ती सिस्टिमच्या फायली तपासते आणि बदललेली फाइल काढून मूळ प्रत बसवते. तुमच्या फायली जागच्या जागी राहतात.

'लॉगिन स्क्रीन रिस्टोअर' करून देतो म्हणणारं अनोळखी फुकट सॉफ्टवेअर मात्र टाळा. ज्या पडद्यावर तुम्ही पासवर्ड टाइप करता, नेमक्या त्याच जागी तुम्ही परक्याला बसवत असता.

गैरसमज ५ : "काही सेटिंग्ज तुमच्या संस्थेकडून नियंत्रित आहेत" असा लाल संदेश आला, म्हणजे कॉम्प्युटर हॅक झाला.

वस्तुस्थिती : हा संदेश सांगतो की या सेटिंगवर कुणीतरी धोरण लादलं आहे. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ते कंपनीच्या आयटी विभागाचं काम. तिथे कंपनीचा लोगो काढण्याच्या फंदात पडू नये, त्यांनाच विचारावं. घरच्या कॉम्प्युटरवर हा संदेश दोन कारणांनी दिसतो. एक तर तो पूर्वी कुठल्या तरी ऑफिसात होता आणि लॅमिंग्टन रोडवरून सेकंड हँड होऊन तुमच्याकडे आला, जुन्या मालकाची धोरणं मात्र आत राहून गेली. नाहीतर 'कॉम्प्युटर फास्ट करा' छापाच्या एखाद्या सॉफ्टवेअरनं ती लिहून ठेवली. प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसी एडिटर उघडून ते धोरण 'नॉट कॉन्फिगर्ड' करता येतं. होम आवृत्तीत हा एडिटर नसतो. तिथे रजिस्ट्रीतली नोंद काढावी लागते, आणि ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावं. सेकंड हँड घेतलेल्या कॉम्प्युटरवर पहिल्याच दिवशी, तुमची एकही फाइल आत नसताना, विंडोज नव्यानं बसवून घेणं उत्तम. फॉर्मॅट शोभून दिसतो तो इथे.

गैरसमज ६ : पासवर्ड बरोबर आहे, तरी घेत नाही. लॉगिन स्क्रीनच खराब झाली.

वस्तुस्थिती : मराठी टायपिंग करणाऱ्यांच्या घरी हे हमखास घडतं. कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर राहिलेला असतो आणि आपण इंग्रजी पासवर्ड टाइप करत असतो. इनस्क्रिप्टमध्ये 'के'ची कळ दाबली की 'क' उमटतो, पण 'एच' दाबली की 'प' आणि 'जे' दाबली की 'र'. पडद्यावर दिसतात नुसते ठिपके, त्यामुळे चूक कळत नाही. पासवर्डच्या चौकटीत उजवीकडचं डोळ्याचं चिन्ह दाबून धरा, म्हणजे काय उमटलंय ते दिसेल. मग खालच्या कोपऱ्यात भाषेचं चिन्ह पाहा आणि विंडोजची कळ व स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजीवर या. कॅप्स लॉक आणि नम लॉकही एकदा बघून घ्या.

गैरसमज ७ : लिनक्समध्ये दुसरा डेस्कटॉप टाकला, लॉगिन स्क्रीन बदलली, आता जुनी परत येणार नाही.

वस्तुस्थिती : १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. ज्यांची जुनी मशिन्स विंडोज ११ ला चालत नाहीत, त्यांना उबुंटू किंवा लिनक्स मिंटचा सल्ला मिळतो. नवशिके हौसेनं उबुंटूवर केडीई डेस्कटॉप टाकतात. मध्येच एक चौकट विचारते : जीडीएम हवा की एसडीडीएम? घाईत एंटर दाबला जातो आणि पुढच्या वेळी अनोळखी लॉगिन स्क्रीन समोर येते.

हे दोघे दोन वेगवेगळे डिस्प्ले मॅनेजर. जीडीएम ग्नोमचा, एसडीडीएम केडीईकडचा, आणि तिसरा लाइटडीएम. तिघेही एकाच कॉम्प्युटरवर नांदू शकतात, ड्युटीवर मात्र एका वेळी एकच असतो. ड्युटी बदलायला टर्मिनलमध्ये 'सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर जीडीएम३' ही आज्ञा द्यायची, चौकटीत हवा तो निवडायचा आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करायचा. आवडला नाही म्हणून दुसरा लगेच अनइन्स्टॉल करू नका. आधी जुना नीट कामाला लागू द्या. एकाला काढलं आणि दुसरा उभा राहिला नाही, तर समोर नुसता काळा पडदा येतो.

यात काही अघटित नाही. उबुंटूनंच हा बदल दोनदा केला आहे. २०११ च्या ११.१० आवृत्तीत जीडीएम सोडून लाइटडीएम घेतला आणि २०१७ च्या १७.१० मध्ये परत जीडीएमकडे वळलं. सी-डॅकनं भारतीय भाषांसाठी बनवलेली बॉस लिनक्सही डेबियनच्याच घराण्यातली, म्हणून डीपीकेजीची ही आज्ञा तिलाही कळते. मिंटमध्ये लाइटडीएम असतो. तिथे आज्ञेची गरज नाही, 'लॉगिन विंडो' या सेटिंगमध्येच चित्र आणि थीम बदलता येते.

"डेस्कटॉपचं चित्र बदललं, पण लॉगिनचं का नाही बदललं?" हा प्रश्नही इथे येतो. लॉगिनच्या क्षणी तुम्ही कोण हे कॉम्प्युटरला माहीत नसतं. जीडीएमचा पडदा त्याच्या स्वतःच्या वेगळ्या खात्यातून चालतो, तुमच्या आवडीनिवडी तिथे पोचत नाहीत. मिंट मात्र नाव निवडताच त्या व्यक्तीचा वॉलपेपर दाखवू शकतं. तसा पर्यायच त्याच्या 'लॉगिन विंडो'त आहे.

गैरसमज ८ : पासवर्ड टाकला की पडदा चमकतो आणि पुन्हा लॉगिन स्क्रीनच येते. म्हणजे दोष तिचाच.

वस्तुस्थिती : पासवर्ड चुकीचा असता तर तिनं तसं सांगितलं असतं. इथे तिनं तुम्हाला आत सोडलं, पुढे डेस्कटॉप उभा राहिला नाही, म्हणून तुम्ही परत दारात आलात. लिनक्सवर याची नेहमीची कारणं तीन. डिस्क काठोकाठ भरली आहे. टर्मिनलमध्ये 'सुडो' लावून काहीतरी चालवल्यामुळे तुमच्या होम फोल्डरातल्या 'एक्सऑथॉरिटी' या लपलेल्या फाइलची मालकी रूटकडे गेली आहे. किंवा लॉगिनच्या वेळी भलतंच सेशन निवडलं गेलं आहे. आधी गिअरच्या चिन्हावर जाऊन सेशन बदलून पाहा. जमलं नाही तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकत्र दाबा. नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर लॉगिन होऊन जागा मोकळी करता येते किंवा त्या फाइलची मालकी परत घेता येते.

गैरसमज ९ : लॉगिन स्क्रीन शाबूत, म्हणजे माझा डेटा सुरक्षित.

वस्तुस्थिती : लॉगिन स्क्रीन तिजोरी नव्हे. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल, तर ती काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की पासवर्डविना वाचता येते. चोराला आतलं दिसू नये म्हणून बिटलॉकरसारखं एन्क्रिप्शन लागतं, आणि त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून जपून ठेवावी लागते. आणि डिस्कच मेली, तर ना लॉगिन स्क्रीन कामाला येते ना एन्क्रिप्शन. तिथे लागतो बॅकअप.

आमच्याकडच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. रेल्वेसाठी चोळ्याचं पॉवर हाऊस याच ठाकुर्लीत धडधडत होतं, आणि पुढे लोडशेडिंगच्या दिवसांत इथल्याच घरांत लाइट अवेळी जायची. चालू कॉम्प्युटर खाडकन बंद पडून डिस्क गेलेली माणसं प्रत्येक इमारतीत भेटतील.

काकांची निळी खिडकी परत लावली. त्यांनी कॉम्प्युटर लॉक करून, उघडून, पुन्हा लॉक करून खात्री केली. सिग्नल खात्यातली सवय. मग विचारलं, "आणि मी खरंच फॉर्मॅट मारू दिला असता तर?"

मी त्यांचा डॉक्युमेंट्सचा फोल्डर उघडून दाखवला. पेन्शनचे कागद, फ्लॅटचा करारनामा, काकूंचे शेवटच्या वर्षातले फोटो. दुसरी प्रत कुठेच नव्हती. काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग चपला सरकवल्या आणि पेन ड्राइव्ह आणायला खाली उतरले.