गिरगाव ते दादर: खाणावळीच्या वळणाची उपाहारगृहं

मुंबई पाहायला आलेल्या पाहुण्याला जेवायला कुठे न्यायचं, या प्रश्नाला बहुतेक यजमान कुलाबा किंवा वांद्रे असं उत्तर देतात. गिरगाव, लालबाग, परळ, दादर यांचा नंबर लागलाच तर शेवटी, वडापावापुरता.  खरं तर सुटीवर आलेल्यांची करमणूक व्हावी म्हणून इथली हॉटेलं निघाली नाहीत. घरापासून लांब राहणाऱ्यांचं पोट भरायचं होतं, म्हणून ती निघाली. ती निकड आज उरलेली नाही. तिने लावलेलं वळण मात्र टिकून आहे.

त्याची सुरुवात खाणावळीत होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या उभ्या राहिल्या, तसे कोकणातले आणि घाटावरचे पुरुष एकटेच मुंबईला आले. बायकामुलं गावी, शेतीवाडी सांभाळून. चाळीतल्या एका खोलीत दहा-पंधरा जण पाळ्यांच्या हिशेबाने झोपायचे. तिथे चूल पेटवायला ना जागा, ना वेळ. मग त्याच चाळीतली एखादी बाई घरच्या स्वयंपाकाबरोबर आणखी काही जणांचं रांधायची आणि महिन्याचे पैसे घ्यायची. दाराला पाटी नसे. सकाळच्या पाळीवाल्याचा डबा पहाटे भरायचा आणि दुसऱ्या पाळीवरून येणाऱ्याचं ताट मध्यरात्री वाढायचं. गावी गेलेल्याचे खाडे धरायचे. गिऱ्हाइकाला तिखट किती चालतं, कोणाचा कुठला वार आहे, हे बाईला पाठ असायचं.

गिरणीत संप झाला की पगार थांबायचा, भूक थांबायची नाही. खाणावळवाली उधारीवर वाढत राहायची आणि वाण्याचं देणं भागवायला सावकाराकडे जायची. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या आणि कामगार चळवळीत वावरलेल्या प्रेमा पुरव यांनी ही गोष्ट हेरली. 1975 मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. सुरुवातीच्या 14 बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळालं, तेही एकमेकींच्या जामिनावर. गहाण टाकायला त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतंच. पुढे हजारो जणी मंडळात आल्या. पुरव यांना 2002 मध्ये पद्मश्री मिळाली.

18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद पडत गेल्या. कामगार गावी परतले आणि त्यांच्याबरोबर खाणावळींचं गिऱ्हाईकही गेलं. चाळीतली ताटं कमी झाली तशी रस्त्यावर पोळीभाजी केंद्रं वाढली. दोघंही नोकरी करणाऱ्या घरांना संध्याकाळी आयत्या पोळ्या हव्या होत्या. हात तेच, गिऱ्हाईक बदललं.

दुसरी वाट मध्यमवर्गाची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाहेर खाणं म्हणजे बाटणं, असं मानणारी घरं पुष्कळ होती. इराण्याच्या हॉटेलात कोणीही कोणाच्याही शेजारी बसे, म्हणूनच अनेकजण तिथे जायला कचरत. अशा काळात, 1910 मध्ये, दादर स्टेशनजवळ मामा काणे यांचं ‘स्वच्छ उपाहारगृह’ सुरू झालं. ‘स्वच्छ’ या शब्दात फडक्याइतकीच जातही होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ती धास्ती फार टिकली नाही. स्टेशनाबाहेर गर्दी वाढली आणि बटाटावड्यापुढे कुळी विचारायला कोणाला सवड राहिली नाही. त्याच दादर स्टेशनाबाहेर 1966 मध्ये अशोक वैद्य यांनी वडा पावात घातला, असं मानलं जातं. बसायला वेळ नसलेल्या माणसाला हातात धरून खाता येईल, असं जेवण मिळालं. आजही छबिलदास गल्लीत श्रीकृष्णच्या वड्यासाठी रांग लागते.

या उपाहारगृहांचं खरं कौशल्य मोजक्या पदार्थांत आहे. गाळा लहान, भाडं जड, दाराशी माणसं उभी. त्यामुळे टेबल अडवून बसणं परवडत नाही आणि दीडशे पदार्थांचं मेनूकार्डही परवडत नाही. चार-सहा पदार्थच दिवसभर होत राहिले की कढई थंड पडत नाही आणि वडा शिळा होत नाही. शिवाजी पार्कजवळच्या प्रकाशमधला साबुदाणा वडा घ्या. साबुदाणा नीट भिजला नाही तर वडा तेलात फुटतो, जास्त भिजला तर गिच्च होतो. दाण्याचं कूट आणि बटाटा यांचं प्रमाण चुकलं तरी तीच गत. दिवसभर तेच करणाऱ्या हाताला ते बरोबर कळतं. वड्याबरोबर पियुष घ्यायची रीत आहे. श्रीखंड ताकात सैल करून त्यात जायफळ, केशर घातलं की पियुष झालं; गिरगावात त्यासाठी पणशीकरांकडे जातात.

ठाकूरद्वारजवळचं विनय हेल्थ होम मिसळीसाठी प्रसिद्ध. मुंबईची मिसळ कोल्हापुरीइतकी डोळ्यांत पाणी आणत नाही. तिच्यात चवीला थोडा गूळ चालतो. लालबागला लाडू सम्राटमध्ये नावाप्रमाणे लाडू तर आहेतच, मिसळ आणि साबुदाणा वडाही आहे. सेना भवनासमोरचं आस्वाद 1986 चं, म्हणजे या घराण्यात तसं धाकटं. 2015 मध्ये लंडनच्या फूडीहब पुरस्कारांत त्यांची मिसळ जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरली. दादरकरांना बातमीचा आनंद झाला, पण त्यानंतर लांबलेल्या रांगेचा नाही.

मासे खाणाऱ्यांची शाखा वेगळी आणि तितकीच जुनी. गिरगावात खोताच्या वाडीतलं अनंताश्रम हे तिचं मोठं नाव. आता ते बंद आहे. दादरमध्ये गोमांतक, सिंधुदुर्ग, चैतन्य यांनी तो वारसा चालवला. इथे मेनूकार्डापेक्षा बाजाराचं ऐकायचं. सुरमई-पापलेटच्या मागे न लागता बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण किंवा ताजे बोंबील मागावेत. खिसाही कमी हलका होतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, म्हणून तेव्हा ताजे मासे कमी आणि महाग. श्रावणात यांतली बरीच गिऱ्हाइकं शाकाहारी शाखेत बदलून जातात, हा हिशेबही दोन्हीकडच्या गल्ल्यांना ठाऊक असतो.

आता चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. ज्यांच्या जिभेवर ही हॉटेलं जगली, ते डोंबिवली-बोरिवलीच्याही पुढे गेले. तरी शनिवार-रविवारी तेच लोक नातवंडांना घेऊन इथे येतात. पोटासाठी निघालेली जागा अशी सुटीच्या दिवशी जायची जागा झाली. त्यात वाईट काही नाही. फक्त पाहुण्याला आवडावं म्हणून मिसळीवर चीज पडू नये.

जायचं असेल तर सुटीचा दिवस टाळून, दुपारी चारच्या सुमाराला जा. भुयारी मेट्रोने गिरगाव आणि दादर आता एकाच मार्गावर आहेत. मिसळ तिकडे आणि मासे इकडे, असं एका दिवसात जमतं. टेबलाशी अनोळखी माणूस बसला तर सरकून घ्या. काय चांगलं आहे ते वाढणाऱ्याला विचारा आणि तो सांगेल तेच मागवा. खाऊन झालं की उठा. मागे कोणीतरी भुकेला उभा आहे.